छान नंतर करू

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या कार्यालयात दर तिमाहीच्या आरंभी रोडमॅपची, म्हणजे पुढच्या कामांचा क्रम ठरवण्याची, बैठक भरते. गुळाच्या व्यापाऱ्यांसाठी बिलांचे अ‍ॅप बनवणाऱ्या या कंपनीत डिझाइन म्हणजे मिसळीवरची कोथिंबीर, असा सर्वांचा प्रामाणिक समज असल्यामुळे आमचे प्रत्येक काम ‘छान नंतर करू’ या तीन शब्दांनिशी बॅकलॉगच्या, म्हणजे रखडलेल्या कामांच्या यादीच्या, तळाशी जाऊन बसते. आम्ही दोघे डिझायनर स्वतःला मिसळीचा कट, म्हणजे तिखट रस्सा, समजतो, ही गोष्ट वेगळी.

मागे एका खेपेस आम्ही गणित घेऊन गेलो. ‘राइस’ नावाच्या पद्धतीत काम किती जणांपर्यंत पोहोचेल, किती परिणाम करील आणि त्याची आपल्याला किती खात्री आहे, यांचा गुणाकार करून त्याला लागणाऱ्या मनुष्य-महिन्यांनी भागतात; गुण जितके जास्त, तितके काम यादीत वर. बिलाच्या पडद्यावरील ‘जतन करा’ आणि ‘रद्द करा’ ही जुळी बटणे वेगळी करण्याचे काम ९०० व्यापारी, परिणाम १, खात्री ८० टक्के आणि दीड महिना या हिशेबाने ४८० गुणांवर पोहोचले. प्रॉडक्ट मॅनेजर साहेबांनी पेन उचलून खात्री ५० टक्क्यांवर आणली. गुण ३०० झाले. बटणांवरच्या, पांढऱ्यावरील फिक्या राखाडी अक्षरांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर, जेमतेम २.३ आहे आणि सुगम्यतेच्या, म्हणजे अधू नजरेच्या माणसालाही वापरता यावे यासाठीच्या, मानकानुसार तो निदान ४.५ हवा, हे मी सांगू लागलो, तेव्हा त्यांनी सहानुभूतीने चहा मागवला.

मग आम्ही आठवडाभर सपोर्टच्या ताईंशेजारी खुर्च्या टाकून बसलो. मार्केट यार्डातून पहिलाच फोन आला : ‘‘अवो ताई, गुळाच्या अडीचशे रव्यांचं बिल केलं, बटण दाबलं, आणि बिल गायबच की!’’ ताईंनी कोणते बटण दाबले ते शांतपणे वदवून घेतले आणि वहीत एक रेघ मारली. आठवड्याअखेर १४२ फोनांपैकी ५७ रेघा त्या एका पडद्याच्या निघाल्या.

पुढच्या बैठकीला ‘अनुभव’, ‘सुधारणा’, ‘सौंदर्य’ हे शब्द आम्ही घरी ठेवले आणि कामाचे नाव लिहिले, ‘बिल गायब झाल्याचे फोन बंद करणे’. बटणे तीच, मेहनत तीच. पण आता तक्रार सपोर्टची होती, आणि ताई वहीसकट शेजारी बसल्या होत्या. साहेबांनी स्वतःच्या हाताने खात्री १०० टक्के केली आणि काम ६०० गुणांनिशी दुसऱ्या क्रमांकावर चढले.

पहिल्या क्रमांकावर मालकांनी सुचवलेला, गूळ हंगामाच्या शुभेच्छांचा पॉपअप होता. त्याला गुण कुणी दिले नव्हते. त्याचे डिझाइन मात्र उद्या सकाळपर्यंत हवे होते, आणि छान हवे होते.