गप्प घड्याळ आणि बोंबलणारा सेन्सर

नमस्कार. आमच्या औषधांच्या दुकानाला तुम्ही दिलेला एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं: सुई न टोचणारं शुगरचं घड्याळ मागितलंत तर आमचा पोरगा हसला, वर दंडाला चिकटवायचा, शुगर मोजणारा साडेचार हजारांचा सेन्सर गळ्यात मारला. तो पहाटे तीनला ६२ दाखवून बोंबलला. घाबरून वडिलांना साखरपाणी पाजलंत, सकाळी बोट टोचून मशीनवर बघितलं तर २४०. मग ऑनलाइन बावीसशेचं घड्याळ आणलंत, ते कसं गुमान ११२ दाखवतं. म्हणून आमचं दुकान जुनाट.

पोरगा हसला ही चूकच. मी गल्ल्यावर होते, तिथल्या तिथं त्याला गप्प करायला हवं होतं. माफ करा.

सेन्सरमध्येही चूक आमचीच जास्त. दंडावरच्या त्या बिल्ल्याची केसासारखी तार कातडीखाली जाते, पण ती रक्तातली साखर मोजत नाही. पेशींभोवतीच्या पाण्यातली मोजते. म्हणून जेवणानंतर तो रक्ताच्या काही मिनिटं मागं असतो. आणि माणूस त्याच दंडावर झोपला की तिथली जागा दाबली जाते, आकडा खोटाच खाली येतो. वडील डाव्या कुशीवर झोपतात, हे तुम्ही नंतर फोनवर बोललात तेव्हा माझी ट्यूब पेटली. खुर्चीत ते तसे बसले होते म्हणून आम्ही डावाच दंड धरला. ‘कुठल्या कुशीवर झोपता?’ एवढं विचारलं असतं तर तुमची रात्र वाचली असती. असा आकडा दिसला की कूस बदलायची आणि बोट टोचून बघायचं. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ असेल तर मात्र आधी साखर, मग तपासणी. डब्यातला कागद इंग्रजीत असतो. आता प्रत्येक डब्यासोबत मराठीत चार ओळी लिहून देतोय, मागच्या बाजूला कानडीत.

घड्याळाबद्दल मात्र मी मागं हटणार नाही. तसलंच एक खानापूरचे एक काका दाखवायला घेऊन आले होते. काउंटरवरच्या कापसाच्या रोलला बांधलं. खालचा हिरवा दिवा लुकलुकला, आणि अर्ध्या मिनिटात कापसाची शुगर १०४! काका म्हणाले, “कापूस उपाशीपोटी हाय वाटतं.”

कोरोनात ऑक्सिमीटर न टोचता मोजत होता, मग साखर का नाही, असं तुम्ही विचारलंय. प्रश्न रास्त आहे. ऑक्सिजन मिळाला की रक्ताचा रंग बदलतो, म्हणून प्रकाशाला तो ओळखता येतो. विरघळलेल्या साखरेला रंग नाही. आणि ती असते तरी किती? शुगर १०० असेल तर अंगातल्या सगळ्या पाच लिटर रक्तात मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. तो चमचा कातडी, चरबी, घाम आणि ढीगभर पाण्यातून मनगटावरून शोधायचा. कातडी जरा गार-गरम झाली तरी पाण्याचाच सिग्नल हलतो.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. अमेरिकेत २००१ मध्ये ‘ग्लुकोवॉच’ला सरकारी मान्यताही मिळाली होती. बारीक करंटनं ते कातडीतून साखर ओढायचं. कातडी लाल व्हायची, घाम आला की रीडिंग गायब, आणि मेळ घालायला बोट टोचावंच लागायचं! ते बंद पडलं. गुगलनं २०१४ मध्ये अश्रूंवरून साखर मोजणारी डोळ्यातली लेन्स जाहीर केली. अश्रू आणि रक्ताचा हिशेब जुळेना, २०१८ मध्ये तेही काम थांबवलं. सर रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या प्रकाशाच्या परिणामावर प्रयोगशाळांतून अजून खटपट चालू आहे, आणि मला त्यातून आशा वाटते. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं आणि उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेनं, स्पष्ट सांगितलं, की न टोचता शुगर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा स्मार्ट अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही, वापरू नका. इन्सुलिन घेणाऱ्याची शुगर खरोखर ५५ वर आली आणि घड्याळ ११२ च म्हणत बसलं तर? सेन्सर निदान बोंबलला तरी.

वडील वडगावला मागावर आहेत, सुताच्या गाठी मारायच्या म्हणून बोट टोचायला नको म्हणतात, हे तुम्ही लिहिलंय. त्याला एक उपाय आहे. बोटाच्या पोटावर टोचू नका, कडेला टोचा, तेही करंगळी किंवा अनामिकेला. टोचणीच्या पेनवर खोलीचे आकडे असतात, सगळ्यात लहान आकड्यापासून सुरू करा. त्यांना घेऊन या, मी स्वतः दाखवते. मशीनच्या ५० पट्ट्यांचा एक डबा आमच्याकडून, पैसे नकोत. पुढचा सेन्सर लावायचाच असेल तर उजव्या दंडावर लावू.

सोमवारी दुकान बंद असतं. आणि घड्याळ परत करायची मुदत अजून असेल, तर आधी ते परत पाठवा.