गोळी मागायच्या आधी

बेळगावच्या शहापुरात माझं औषधाचं दुकान आहे. वडगाव, खासबाग, अनगोळकडच्या बायका संध्याकाळी येतात आणि बहुतेक वेळा मागणं एकच असतं.

"अक्का, परवा दिल्याली तीच पित्ताची गोळी द्या की."

"मावशी, दुपारी कितीला जेवलासा?"

"तीन वाजले बगा. सगळ्यांचं झाल्याशिवाय कसं बसायचं?"

हे संभाषण इतक्या जणींशी झालंय की आता मनापासून लिहावंसं वाटतंय. पहाटे उठायचं, नळाला पाणी आलं की भरून घ्यायचं, उपाशीपोटी दोन कप चहा, मग डबे, मग धुणं-भांडी. ज्यांच्या घरात कापडाचा माग आहे त्यांचं कांड्यांवर सूत भरणंही त्यातच. पोटात पहिला घास पडतो तो दुपारी. त्यात डोकं दुखायला लागलं की घरातली दुखण्यावरची गोळी त्याच रिकाम्या पोटी. ह्या गोळ्या वरचेवर घेतल्या तर जठराला जखमा होतात, किडनीवर ताण येतो, बीपीही वाढतं. पित्त म्हणून जे म्हणतो ते कितीतरी वेळा ह्या दिनक्रमातूनच आलेलं असतं. मी गोळी विकणारी बाई, तरी सांगते: सकाळच्या चहाबरोबर रात्रीची अर्धी भाकरी खा. मूठभर शेंगदाणे खा, नाहीतर एक केळं. महिनाभर एवढं करा आणि मग बघा, गोळी लागते का. रात्री पोट दुखून जाग येत असेल, वजन उतरत असेल, काळी शी होत असेल तर मात्र माझ्याकडे नको, थेट डॉक्टरांकडे जा.

घेताय ती औषधं तरी नीट घ्या. रक्त वाढायची, म्हणजे लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर ती अंगी फारशी लागत नाही. चहा आणि गोळी ह्यांत तास-दोन तास जाऊ द्या, जेवणात लिंबू पिळा. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घेऊ नका. थायरॉईडची गोळी उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर, चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासानं. साखरेच्या, म्हणजे मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना संकष्टी, मंगळवार, एकादशी असे कडक उपास धरणाऱ्या बायका तर खूप आहेत. साखर एकदम उतरते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात. देवाचं करा, पण गोळीचं काय करायचं ते आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारा. आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, तो खाल्ल्यानं साखर चढते हेही लक्षात असू द्या.

बीपीचं दुखणं असं की ते दुखत नाही. 'मला काही होत नाही' म्हणून गोळी बंद करणारे पुरुष ह्यात पुढे. वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 च्या पुढे वारंवार येत असेल तर ते वाढलेलंच. मोजताना पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर टेकवा, पाठ टेकू द्या, हात छातीच्या उंचीला ठेवा, बोलू नका. बाजारातून पिशव्या घेऊन धापा टाकत येऊन काउंटरवर उभ्यानं मोजलेला आकडा धरू नये. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे चहाचा एक छोटा चमचा. आपल्या ताटात लोणचं, पापड, ठेचा धरला तर ते कधीच ओलांडलं जातं. तिघांतलं एकच घ्या.

चालण्याबद्दल सगळेच सांगतात. आठवड्याला 150 मिनिटं, म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोतल्या झाडांखाली चालायला फार छान वाटतं, पण वडगावच्या बाईनं रोज तिथं कसं जावं? येळ्ळूर रोडला शेतांच्या कडेनं दोघी-तिघी मिळून जा. जूनपासून झड लागली की घरातल्या घरात, जिन्यावरून, जेवण झाल्यावर दहा-दहा मिनिटं चाला, तीही मोजली जातात. आणि माग चालवणाऱ्यांनी कानात कापसाचा बोळा नको, फोमचे इअरप्लग घाला. कापसानं आवाज फारसा अडत नाही आणि एकदा गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

आता मला जे खरं बोलायचंय ते. 'स्वतःसाठी वेळ काढा' हे आपण बाईलाच सांगतो. तिनं तो कुठून काढायचा? तिचा वेळ घरातल्या सगळ्यांनी वाटून घेतलाय. म्हणून हे सांगणं घरातल्या बाकीच्यांना असायला हवं. पोरगा दहावीत असला तरी स्वतःचं ताट वाढून घेऊ शकतो. सासूबाई, तुम्ही एकदा म्हटलं की 'चल, आपण बरोबर बसू', तर सुनेचं दुपारचं जेवण एक वाजता होईल, आणि तुमचंही. तिला सात तास झोप मिळायची तर रात्रीची भांडी कुणीतरी दुसऱ्यानं घासली पाहिजेत. दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

आणि मशेरी. निपाणीचा तंबाखूचा पट्टा जवळ, त्यामुळे आपल्याकडे हे घरोघरी. तव्यावर काळी भाजायची, कुटायची, बोटानं दातांना लावून बसायचं. दात स्वच्छ होतात, कळ थांबते असं म्हणतात, पण तो तंबाखूच आहे. हिरड्यांतून निकोटिन थेट रक्तात जातं, तोंडाचा कॅन्सर होतो, पोटुशी बाई लावत असेल तर बाळाचं वजन कमी भरतं. सोडायचं असेल तर 1800-112-356 ह्या सरकारी नंबरवर मोफत सल्ला मिळतो. दिवसभर मन उदास, झोप नाही, असं असेल तर टेलि-मानसचा 14416 आहे, तिथे आपल्या भाषेतही बोलता येतं. मशेरीची तलफ आली की ती काही मिनिटांत ओसरते, तेवढ्यापुरती बडीशेप किंवा लवंग तोंडात ठेवा. पहिले दोन-चार आठवडे चिडचिड होते, डोकं जड होतं, झोप मोडते. त्या दिवसांत तिला घरात कुणी टाकून बोलू नये, आणि तिच्यासमोर दुसऱ्या कुणी डबी उघडू नये.