गप्प बसलेलं पिल्लू माणसाळलेलं नसतं

पाऊस लागला की गोव्यातल्या आमच्या वाड्यावर कोणीतरी रस्त्यावरचं कुत्र्याचं भिजलेलं पिल्लू उचलून आणतं, आणि मागोमाग व्हॉट्सअ‍ॅपवर तोच मेसेज फिरू लागतो: 'भित्र्या पिल्लाला सात दिवसांत माणसाळवा.' उपाशी ठेवा, म्हणजे हातातलं खाईल. घाबरलं तर कुरवाळू नका. येईल त्याच्या हातात द्या. गुरगुरलं तर उताणं पाडून दाबा. तीन महिन्यांपुढचं असेल तर नाद सोडा.

उपासाचं आधी, कारण त्यात जीव जाऊ शकतो. दीड महिन्याच्या पिल्लाला उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर उतरून ते आडवं होतं. पोटात जंत असले (रस्त्यावरच्या पिल्लांच्या पोटात बहुधा असतातच) तर आणखी लवकर. शिवाय भुकेने हाताशी आलेलं पिल्लू नीट बघा. मान पुढे, मागचे पाय मागेच. घास ओढून ते पळतं. त्यापेक्षा उकडलेल्या कोंबडीचा तुकडा त्याच्या पाठीमागे टाका. तुमच्यापासून लांब जाऊन खाता येतं हे कळलं की ते आपणहून वळून येतं.

कुरवाळल्याने भीती वाढते, हे खरं नाही. 'बस' म्हटल्यावर बसणं शिकवता येतं, घाबरणं असं बक्षिसाने पक्कं होत नाही. गणेश चवथीच्या फटाक्यांत ते कुशीत शिरलं तर घ्या. लपलं असेल तर मात्र मायेपोटीसुद्धा ओढून काढू नका.

'येईल त्याच्या हातात द्या' हे आम्ही करून चुकलोय. चवथीला घर पाहुण्यांनी भरलेलं, पिल्लू या मांडीवरून त्या मांडीवर. "किती शांत आहे गो!" सगळे खूश. नंतर फोटो पाहिले तेव्हा कळलं: कान मागे चिकटलेले, शेपूट पोटाशी, डोळ्यांचे पांढरे कोपरे दिसताहेत, लाडवाचा तुकडा नाकापुढे धरला तरी तोंड फिरवलेलं. १९६७ मध्ये सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर एक क्रूर प्रयोग केला. सुटका नसलेले विजेचे झटके सोसलेली बरीच कुत्री पुढे सुटायची वाट असूनही जागची हलली नाहीत. मांडीवरचं आमचं पिल्लू शांत नव्हतं, त्याने हार मानली होती. पाहुणे गेल्यावर दोन दिवस ते लाकडांच्या राशीमागून बाहेर आलं नाही.

मग आम्ही उलटं केलं. रोज संध्याकाळी सोप्यावर त्याच्याकडे पाठ करून बसायचं, पेपर वाचायचा, बघायचं नाही. आठव्या दिवशी टाचेला ओलं नाक लागलं. हात डोक्यावरून नाही, छातीखालून. तीन सेकंद खाजवायचं आणि थांबायचं. ते जवळ सरकलं तरच पुढे. पोदेराच्या (पाव विकणाऱ्याच्या) भोंप्याला ते थरथरायचं, म्हणून भोंपू लांब वाजला की कोंबडीचा तुकडा. पुढे भोंपू ऐकला की ते स्वयंपाकघराकडे बघू लागलं.

उताणं पाडण्यामागे, बाकीच्यांना दाबून कळपावर राज्य करणाऱ्या लांडग्यांच्या 'म्होरक्या'ची गोष्ट आहे. ती लोकप्रिय करणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे साधारणपणे आईबाप आणि त्यांची पोरं. गुरगुरणं ही सूचना आहे. ती मार देऊन बंद केली तर पुढच्या वेळी थेट दात लागतील. आणि दात लागले, तर गोव्यात रेबीज आटोक्यात आहे म्हणून निवांत बसू नका. साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि दवाखाना गाठा.

वयाच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे. साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यांत पिल्लू नव्या गोष्टी सहज स्वीकारतं. म्हणून लशी पुऱ्या होईपर्यंत त्याला नुसतं कोंडून ठेवू नका. जमिनीवर न सोडता, मांडीत घेऊन, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार गाडीच्या खिडकीतून लांबून दाखवा. पण तो काळ उलटला म्हणजे दार बंद झालं असं नाही, वेळ जास्त लागतो एवढंच. आमची दुसरी कुत्री आली तेव्हा सात महिन्यांची होती. शेजारच्या मावशीच्या हातून खायला तिने वर्ष घेतलं. दिवाळीत नरकासुराच्या रात्री ढोल आणि स्पीकर सुरू झाले की ती अजूनही पलंगाखाली जाते. आम्ही पाण्याची वाटी तिकडे सरकवतो.