उखडलेल्या रस्त्याचाच दाखला जोडला आणि पुढचं टेंडर पण त्यालाच

डोकं फिरलंय आज, कुणाशी बोलावं कळत नाही म्हणून इथे लिहितोय. आमच्या गावच्या रस्त्याचा पुढचा टप्पा निघाला, अंदाजे ३० लाखाचं काम, मी पण ठेकेदार, मी ९ टक्के बिलो म्हणजे अंदाजापेक्षा तेवढं कमी भरलं होतं आणि दुसऱ्या एका ठेकेदाराने २७ टक्के बिलो. म्हणजे माझे २७ लाख ३० हजार, त्याचे २१ लाख ९० हजार. तो एल वन म्हणजे सगळ्यात कमी दरवाला, काम त्याचं, विषय संपला. बरं दर कमी म्हणून मिळालं एवढंच असतं तर मी गप्प बसलो असतो, टेंडर हरायची सवय आहे, मी पण सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी करूनच सुरुवात केलीय आणि तेव्हा अनुभवाच्या नावाने शून्य असताना कमी दर भरूनच काम मिळालं होतं. कमी दराशी माझं भांडण नाही.

भांडण कशाशी ते ऐका. टेक्निकल म्हणजे पात्रतेच्या कागदांचा पहिला लिफाफा उघडला की बाकीच्यांचे कागद पोर्टलवर बघता येतात, त्यात त्याने अनुभवाचा दाखला म्हणून काय जोडलं होतं? आमच्याच गावचा रस्ता! मेन रोडपासून शाळेपर्यंतचा, पहिला टप्पा, जो त्यानेच केलाय. मार्चमध्ये काम झालं आणि जुलैत शाळेच्या वळणावर कारपेट, म्हणजे वरचा डांबरी थर, निघायला लागलं, बुटाच्या टोकाने उचललं तरी पापडासारखा तुकडा हातात येतो, मी स्वतः उचलून बघितलाय, खालच्या बाजूला डांबराचा थेंब नाही, नुसती मुरुमाची पांढरी धूळ चिकटलेली. टॅक कोट, म्हणजे थर खाली चिकटावा म्हणून मारतात तो डांबराचा हात, मारलाच नाही हे माझ्या जागी पहिल्या वर्षाचा डिप्लोमावाला पोरगा असता तरी त्याने सांगितलं असतं. त्या वळणावर आमच्या शेजारची काकू स्कूटीवरून पडली, मनगट मोडलं. आणि दाखल्यावर लिहिलंय, सदर काम समाधानकारकरीत्या पूर्ण केले आहे. सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं व्यवस्थित.

मी माहिती अधिकारात कागद काढले तर त्याच ऑफिसने त्याच ठेकेदाराला त्याच रस्त्यासाठी पाठवलेली तीन पत्रं निघाली, दोष दायित्व कालावधी (म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची मुदत, आमच्या भाषेत लायेबिलिटी) चालू आहे, तात्काळ दुरुस्ती करा. तिसऱ्यात तर अनामतीतून खर्च वसूल करू अशी तंबी पण दिलीय. दुरुस्ती आजपर्यंत नाही, वसुली नाही. म्हणजे एका टेबलवरून नोटीस जाते आणि दोन टेबल सोडून त्याच कामाचा दाखला पात्रतेला चालतो, आणि मधल्या टेबलवाल्याला दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेसे वाटत नाहीत?

मी लेखी हरकत दिली, तिन्ही पत्रं जोडून. उत्तर काय आलं, निविदा अटीत तशी तरतूद नसल्याने आपली हरकत ग्राह्य धरता येत नाही. बास, एक ओळ.

आणि खरं सांगू का, सगळ्यात जास्त राग याचाच येतो की ते उत्तर नियमाने बरोबर आहे. आपल्याकडे आधीचं काम फक्त गेट पास आहे. तेवढ्या रकमेचं एक काम केलेलं दाखव, टर्नओव्हर दाखव, पास. ते काम टिकलं का, वेळेत झालं का, मुदतवाढ किती वेळा घेतली, लायेबिलिटीत खड्डे भरले का, याला मार्क शून्य. आत शिरलास की पुढे फक्त आकडा. दहा वर्षं टिकणारा रस्ता करणारा आणि एका पावसात वाहून जाणारा करणारा दोघं दुसऱ्या, दराच्या लिफाफ्याला अगदी एकसारखे. फार खाली भरलं तर जादा अनामत भरा, रेट अ‍ॅनालिसिस म्हणजे एवढा कमी दर कसा परवडतो त्याचा हिशोब द्या म्हणतात, तो देतो की कागद, कागदावर खडी स्वस्त करायला काय लागतं.

कोर्टात जा म्हणाले मित्र. वकिलाकडे गेलो, त्याने सरळ सांगितलं पैसे घालवू नको. सुप्रीम कोर्टाने १९९४ च्या टाटा सेल्युलरच्या निकालापासून सांगितलंय की निर्णय कसा घेतला ते आम्ही तपासू, अधिकाऱ्याच्या जागी बसून निर्णय आम्ही घेणार नाही. आणि २०२२ च्या एन. जी. प्रोजेक्ट्सच्या निकालात, तो पण रस्त्याचाच होता झारखंडचा, म्हटलंय की अशा कामांना शक्यतो स्थगिती देऊ नका, फार तर नुकसानभरपाईचं बघा. पटतं मला ते, उद्या प्रत्येक हरलेला ठेकेदार स्टे घेऊन बसला तर गावाला रस्ता कधी मिळणार. न्यायाधीशाने डांबर तपासत बसू नये, पण मग ज्याने तपासायचं तो तरी तपासतो का? अटीतच जुन्या कामाला किंमत नसेल तर कोर्ट कुठून आणणार ती?

केंद्राने २९ ऑक्टोबर २०२१ ला सूचना काढल्या, बांधकामात सुद्धा दराबरोबर गुणवत्तेला वजन देता येईल, जास्तीत जास्त ३० टक्के. पण ते गुणवत्ताप्रधान म्हणून आधी मंजूर केलेल्या कामांना, आमच्या तालुक्यातल्या ३० लाखाच्या रस्त्याला ते कोण लावणार. तामिळनाडूत १९९८ चा, कर्नाटकात १९९९ चा टेंडरचा वेगळा कायदा आहे, त्यात अपिलाची सोय आहे. केंद्राचं खरेदी विधेयक २०१२ ला आलं आणि २०१४ ला लोकसभेबरोबर बुडालं. आम्ही महाराष्ट्रात शासन निर्णयावर चालतोय. अमेरिकेत ठेकेदाराने काम कसं केलं याची सरकारी नोंद ठेवतात, आणि टेंडरमध्ये तसं आधी सांगितलेलं असेल तर अधिकारी कारण लिहून महागातलं टेंडर पण घेऊ शकतो. कारण पटण्यासारखं नसेल तर हरलेला तक्रार करतो आणि १०० दिवसांत निकाल लागतो. १०० दिवस! माझ्या हरकतीला पोच मिळायलाच तीन चकरा झाल्या.

मला माहितीय लगेच कोणीतरी म्हणेल, मार्क द्यायचा अधिकार साहेबांना दिला की त्याचाही बाजार होईल. होईल, मान्य. म्हणून मी साहेबांच्या मताचे मार्क मागतच नाहीये. नोटिसा किती गेल्या ते मोजा, मुदतवाढ किती ते मोजा, दंड किती, लॅबमध्ये फेल किती, हे सगळं ऑफिसच्याच फायलीत आकड्यात पडलेलं आहे, पोर्टलवर टाका आणि टेंडर काढतानाच अटीत लिहा. आणि लायेबिलिटीची दुरुस्ती बाकी आहे त्याला त्याच रस्त्याचं पुढचं काम भरताच येऊ नये, एवढी साधी गोष्ट.

काल डेप्युटी साहेबांना, म्हणजे उपअभियंत्यांना भेटलो. माणूस वाईट नाही, चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, पुढच्या वेळी तुम्ही पण अजून खाली भरा ना. मी विचारलं साहेब, कशातून काढू, डांबरातून की खडीतून की रोलरच्या फेऱ्यांतून? ते फाईल चाळत बसले.