पायरीवरची टोपली

आज चर्चमध्ये कापणीचा सण होता. दानाची थैली फिरायच्या आधी दात्यांची नावं वाचली, रकमेसकट, आणि तीही फक्त ५०० रुपयांच्या वरची. "बाकी सर्वांचेही आभार." माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारी होती. घरच्या वेलाचा दुधी आणला होता तिनं, वेदीपाशी ठेवताना पदरानं दोनदा पुसला. तिचं नाव कुठून येणार? तेव्हापासून धुमसतेय मी.

माझी आजी नागपूरला सदरमध्ये फूटपाथवर संत्री विकायची. आंबिया बहार आला की सणासाठी बारा संत्री निवडून काढायची, देठ-पान असलेली. आम्हाला घरी डागी, पिचकलेली. "चांगली आम्हाला काऊन नाही?" विचारलं की म्हणायची, "लंगडं-आंधळं देवाला चालत नाही." हे बायबलमधल्या मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातलं आहे, मला फार उशिरा कळलं. असलं जनावर आपल्या सुभेदाराला नेऊन द्या, खूश होईल का तो?

पण म्हणून भारी तेच देवाला आवडतं, असं कुठे लिहिलंय? बायबलमधलं लेवीय वाचा, अर्पणांचे नियम आहेत त्यात. मेंढरू परवडत नसेल तर दोन होले, तेही जमत नसतील तर एफाचा (धान्याचं जुनं माप) दहावा हिस्सा सपीठ. पापार्पणाला पीठ चालतं! बाळ येशूला मंदिरात नेलं तेव्हा मरिया-योसेफानं गरिबाचंच अर्पण दिलं, पाखरांची जोडी. आजच्या यादीत त्यांचं नाव आलं नसतं. लाज वाटायला पाहिजे आपल्याला.

येशू मंदिराच्या दानभांडारासमोर बसून बघत होता. श्रीमंत पुष्कळ टाकत होते, पण शिष्यांना बोलावून त्यानं सांगितलं ते दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या विधवेचं. त्याच्या आधीच्याच ओळीत विधवांची घरं गिळणारे शास्त्री, म्हणजे धर्मशास्त्राचे पंडित, आहेत. तेवढं आपण वाचत नाही.

हो, छप्पर गळतं, पाळकांचा पगार असतो, मान्य. मग पावती द्या ना! माईक कशाला?

आणि काइन, आदामाचा मुलगा. त्यानं आणि त्याचा भाऊ हाबेल यानं देवाला अर्पण आणलं. काइनानं शेतातलं आणलं, रक्त नव्हतं, म्हणून नाकारलं, असं लहानपणापासून ऐकतेय. मला नाही पटत. लेवीयच्या दुसऱ्या अध्यायात अन्नार्पण, म्हणजे पिठाचं अर्पण, देवानंच सांगितलंय. हाबेलानं कळपातली प्रथम जन्मलेली आणली, काइनानं नुसतं शेतातलं काहीतरी. शिवाय वचनात आधी माणूस येतो, मग अर्पण: देवानं हाबेलाला आणि त्याच्या अर्पणाला मान्य केलं.

आजीचं अजून एक सांगायचंय. मी आठेक वर्षांची असेन. टोपली घेऊन आम्ही चर्चच्या पायरीपर्यंत पोचलो आणि ती थांबली. आदल्या दिवशी नळावर शेजारणीशी भांडण झालं होतं, घागरी आपटण्यापर्यंत. मला म्हणाली, "इथंच बस. टोपली सांभाळ, मी आलीच." आत गीतं झाली, संदेश झाला, लोक बाहेर पडायला लागले, मी पायरीवरच. मग आजी आली, शेजारणीला घेऊन. दोघींनी दोन बाजूंनी टोपली धरून आत नेली. अर्पणात आलेल्या वस्तूंचा लिलाव संपून सतरंज्या गुंडाळत होते.

तुझं दान वेदीपुढे ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, असं येशूनं सांगितलंय. आजीला वाचता येत नव्हतं, ऐकूनच पाठ होतं तिला.

यादी वाचणाऱ्या काकांना मी आज आवारात सगळ्यांसमोर फार लागेल असं बोलले. त्यांचा चेहरा पडला. चूक त्यांचीच, हे अजूनही म्हणते. पण रागात थैली तशीच पुढे दिली होती मी, दानाचं पाकीट पर्समध्येच राहिलंय. उद्या संध्याकाळी आधी त्यांच्या घरी जाऊन येते.