अगामेम्नॉनचा मुखवटा: सोनं अस्सल, नाव चुकीचं

व्हॉट्सॲपवर एक फोटो फिरतोय. मिशी-दाढीवाला सोन्याचा मुखवटा आणि खाली ओळ, ‘ट्रॉय जिंकणाऱ्या अगामेम्नॉन राजाचा खरा चेहरा’. मुखवटा अस्सल आहे, अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात ठेवलेला आहे. घोळ नावाचा आहे.

जर्मन उत्खननकार हाइनरिश श्लीमान यांना तो १८७६ साली ग्रीसमधल्या मायसीनी इथे एका खोल थडग्यात सापडला. ग्रीक महाकाव्यात मायसीनीचा राजा असलेल्या अगामेम्नॉनची कथा डोक्यात घेऊनच ते खणत होते, त्यामुळे सोनं दिसताच राजाही ‘सापडला’! पण ही थडगी इ.स.पू. सोळाव्या शतकातली आहेत. ट्रॉयची लढाई झालीच असेल, तर तिचा काळ साधारण इ.स.पू. १२०० च्या आसपास धरतात. म्हणजे हा गृहस्थ त्याआधी तीनेकशे वर्षं मातीआड गेलेला. शिवाय ज्या प्रेताचा चेहरा पाहून श्लीमान हरखले, ते या मुखवट्याखालचं नव्हतंच, दुसरंच होतं, असं अभ्यासक सांगतात.

मुखवटा जवळून पाहा. सोन्याचा पत्रा मागून ठोकून उठाव आणलाय, भुवया आणि दाढीचे केस बारीक रेघांनी कोरलेत. कानांजवळ भोकं आहेत, मृताच्या चेहऱ्यावर दोऱ्याने बांधण्यासाठी.

‘श्लीमाननेच तो बनवून पुरला’ हा दुसरा फॉरवर्ड. मिशीचं वळण एकोणिसाव्या शतकातलं वाटतं म्हणून शंका निघाली खरी, पण बहुतेक तज्ज्ञांना ती पटलेली नाही. खोदकामावर ग्रीक सरकारचे पानायोतिस स्तामाताकिस देखरेख करत होते, आणि त्यांचं श्लीमानशी अजिबात पटत नव्हतं.