चर नुसता बुजवून भागत नाही

‘शिबिर उठताना चुलीचा चर मातीनं बुजवला की जागा पूर्ववत होते,’ हे रानातल्या शिबिरांवरच्या लेखातलं वाक्य बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबी-जांबोटीकडच्या रानाला लागू पडत नाही. तिथं जांभ्या दगडावर मातीचा थर पातळ. सैल भर पहिल्या पावसात खचते, पाणी साचतं, उतारावर तिथूनच ओघळ पडतो. खणण्याआधी गवताची ढेकळं मुळांसकट चार बोटं जाड कापून सावलीत ठेवावीत, रोज पाणी शिंपडावं. निघताना राखेवर पाणी ओतून ढवळावं, तळ गार लागेपर्यंत. मग माती थराथरानं तुडवत भरावी, ढेकळं बसवावीत, थोडा उंचवटा ठेवावा.

संडासाच्या चरांबद्दल लेखात अवाक्षर नाही! ते ओढ्यापासून निदान 60 मीटर लांब हवेत. मलप्रभा नदी कणकुंबीलाच उगम पावते, खालची गावं तिच्यावर अवलंबून आहेत.